गोळी बंद करून ध्यान सुरू करू का?

पत्राचा सारांश : नागपूरच्या मनीषनगर भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४१, बँकेत नोकरी, घरी नवरा आणि १२ वर्षांची मुलगी. बाळंतपणानंतर पहिल्यांदा आणि पुढे आणखी दोनदा त्यांना नैराश्याचा आजार झाला. दीड वर्षापासून एस्सिटॅलोप्रॅमची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू आहे आणि गेलं वर्षभर तब्येत चांगली आहे. ‘आठ आठवडे ध्यान केलं की मेंदूतलं भीतीचं केंद्र लहान होतं’ असा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर आला. तेव्हापासून ‘गोळीची कुबडी’ टाकून ध्यानाकडे वळावं असं त्यांच्या मनात आहे. मोबाइलवरचं एक ॲप लावून पाहिलं, पण श्वासाकडे लक्ष दिलं की छातीत धडधडतं, बोटांना मुंग्या येतात आणि मन तर मिनिटभरही रिकामं होत नाही. भासरे (थोरले दीर) दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा आग्रह धरून आहेत. त्यांना स्वतःला त्याचा चांगला अनुभव आला आहे. समुपदेशक मात्र ‘एमबीसीटी’ (सजगतेच्या ध्यानावर आधारलेली, नैराश्य परत येऊ नये म्हणूनची उपचारपद्धत) करा म्हणतात. माझ्या मेंदूत खरंच बदल होईल का, गोळी कधी सोडू, शिबिराला जाऊ का, आणि मुलीलाही सोबत बसवू का, असं त्या विचारतात.

ताई,

आधी त्या व्हिडिओचं बघू, कारण तुमच्या घाईचं मूळ तिथे आहे. त्यात सांगितलेलं अगदीच हवेतलं नाही. २०११ साली बॉस्टनच्या संशोधकांनी आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग केलेल्या १६ जणांचे आधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. स्मरणशक्तीशी संबंध असलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या द्रव्याची घनता थोडी वाढलेली दिसली. त्याच गटाने त्याआधी अमिग्डालाबद्दलही लिहिलं होतं. अमिग्डाला म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा, बदामाएवढा भाग. ज्यांचा ताण उतरला त्यांच्यात तिथे घट दिसली, असं त्यांचं म्हणणं. बातमी गोड होती, ती जगभर गेली. पण माणसं मोजकी होती, आणि ध्यानवर्गात कोण जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. जे स्वतःहून वर्गाला येतात ते मुळातच बदलाच्या तयारीत असतात.

पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने हेच नीट तपासलं. ही मंडळी ध्यानाच्या विरोधातली नाहीत, उलट या विषयात आयुष्य घातलेली आहेत. २१८ निरोगी माणसं, चिठ्ठ्या टाकून पाडलेले तीन गट : एकाला ध्यानवर्ग, दुसऱ्याला तितक्याच कालावधीचा आरोग्याचा वेगळा वर्ग, तिसऱ्याला नुसती प्रतीक्षा. आठ आठवड्यांनी मेंदूच्या रचनेत या गटांमध्ये फरक सापडला नाही. हा निकाल मात्र कुणाच्या ग्रुपवर फिरला नाही.

तेव्हा अमिग्डाला लहान होईल या आशेवर गोळी सोडू नका. आणि असं बघा, ती उद्या मोजून लहान झाली तरी तुमचं नैराश्य परत येणार की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. एमआरआयवरचे लाल-पिवळे ठिपके अनेक माणसांच्या सरासरीतून काढलेले असतात. त्यावर एका व्यक्तीच्या औषधाचा निर्णय कुणी घेत नाही.

रचना सोडून मेंदूच्या कामाकडे पाहिलं तर मात्र तुमच्या उपयोगाचं बरंच काही मिळतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला एमरी विद्यापीठाचा एक छोटा प्रयोग मला विशेष आवडतो. सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय यंत्रात २० मिनिटं श्वासावर लक्ष ठेवायला सांगितलं. मन भटकलंय हे ज्या क्षणी लक्षात येईल त्या क्षणी बटण दाबायचं आणि परत श्वासाकडे यायचं. त्यातून चार टप्पे दिसले. मन भटकत असताना मेंदूचं ‘डिफॉल्ट मोड’ जाळं, म्हणजे हातात काम नसताना चालू होणारे भाग, जागं असतं. ‘अरे, मी भलतीकडेच गेलो’ हे उमगतं तेव्हा इन्सुला आणि सिंग्युलेटचा पुढचा भाग, हे मेंदूचे आतले दोन भाग, काम करतात. लक्ष परत वळवताना आणि नंतर टिकवताना कपाळामागचे आणि बाजूचे भाग पुढे येतात. मग पुन्हा भटकणं. म्हणजे सराव असलेली माणसंही भटकत होती. भटकलीच नसती तर बटण कशाला दाबलं असतं?

तुम्ही लिहिता, मन रिकामं होत नाही म्हणून मला ध्यान जमत नाही. रिकामं मन हे या सरावाचं उद्दिष्टच नाही, ताई. पाच मिनिटांत मन वीस वेळा घरच्या किराण्याकडे गेलं आणि वीसही वेळा तुमच्या ते लक्षात आलं, तर वीस वेळा व्यायाम झाला. उमगणं आणि वळणं, एवढाच तो व्यायाम आहे. एकदाही भटकलं नाही असं वाटलं तर बहुधा तुमचा डोळा लागला होता.

आता हे नैराश्याशी कुठे जुळतं ते सांगते. डिफॉल्ट मोड जाळं हे नाव २००१ साली रूढ झालं. हातात ठरलेलं काम नसताना कपाळाच्या आतल्या मधल्या भागात आणि मेंदूच्या मागच्या मध्यभागी हे जाळं सक्रिय असतं, आणि त्याचा विषय बहुतेक वेळा ‘मी’ असतो : मी तेव्हा असं का बोलले, उद्या माझं कसं होईल. यात आजार काही नाही, सगळ्यांचं असंच चालतं. नैराश्य येऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र एक अडचण होते. साधा उदास दिवस आला, झोप नीट झाली नाही, साहेब काहीतरी लागट बोलले, की आजारपणातली जुनी विचारांची मालिका सुरू होते. ‘पुन्हा तेच. माझ्यात काही दमच नाही.’ मग त्या विचारांमुळे मन आणखी खचतं, खचलं म्हणून विचार वाढतात. जॉन टीझडेल या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने मांडलेली ही गोष्ट आहे. दरवेळी आजार येऊन गेला की ही मालिका सुरू व्हायला कमी कारण लागतं.

एमबीसीटी याच जागेवर काम करते. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जुनाट दुखणी आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला, तो एमबीएसआर. टीझडेल, मार्क विल्यम्स आणि झिंडेल सीगल यांनी त्याला नैराश्यावरच्या विचार-उपचाराची, म्हणजे सीबीटीची, जोड दिली. आठवड्यातून एकदा सुमारे दोन तासांचा वर्ग, साधारण डझनभर माणसं, आणि घरी आठवड्याचे सहा दिवस रोज पाऊण तासापर्यंत सराव. विचार खोटा पाडायचा नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही. ‘हा विचार आला आहे’ एवढं ओळखायचं. सहाव्या वर्गाचा विषयच ‘विचार म्हणजे वस्तुस्थिती नव्हे’ असा असतो.

त्यांची पहिली मोठी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. १४५ माणसं, सगळी त्या वेळी बरी असलेली आणि औषधं थांबवलेली. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ६० आठवड्यांत ६६ टक्के लोकांचा आजार उलटला. एमबीसीटीच्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच आजार झालेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. तुमचा आजार तीनदा झाला आहे, म्हणजे ज्यांच्यासाठी ही पद्धत तयार झाली त्यांच्यापैकी तुम्ही आहात. समुपदेशकांनी नेमकं नाव घेऊन ही पद्धत सांगितली, यावरून त्यांनी तुमचा इतिहास नीट ऐकला आहे असं दिसतं.

मग ती गोळीच्या जागी चालेल का? हा प्रश्न घेऊनच ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. एका गटाने औषध चालू ठेवलं. दुसऱ्याने एमबीसीटी केली आणि डॉक्टरांच्या मदतीने औषध हळूहळू कमी किंवा बंद केलं. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ध्यानगटात ४४ टक्के, औषधगटात ४७ टक्के. फरक नगण्य. हा निकाल दोन्ही बाजूंनी वाचा. ज्यांना औषध पुढे चालू ठेवायचं नाही त्यांच्यासाठी खरा पर्याय आहे, हे एक. आणि पर्याय कुठलाही घेतला तरी शंभरातल्या चाळीसहून जास्त जणांना आजार परत भेटला, हे दुसरं. म्हणून नुसती निवड करून भागत नाही. परत आला तर काय करायचं याचीही तयारी लागते. त्याबद्दल पुढे लिहिते.

त्या चाचणीतल्या लोकांनी आधी वर्ग केला आणि मग औषध उतरवलं, ते डॉक्टरांच्या देखरेखीत. तुम्ही उलटा क्रम धरायला निघालात. शिवाय तुम्हाला बरं वाटू लागून वर्षच झालं आहे. अनेकदा आजार येऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर किमान दोन वर्षं औषध चालू ठेवावं, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि आता आपण बरे आहोत असं वाटणाऱ्या ४७८ जणांची आणखी एक ब्रिटिश चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा आजार वर्षभरात परत आला. चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के. ‘बरं वाटतंय, आता गरज नाही’ हा तर्क इथे फसतो, कारण बरं वाटण्यात गोळीचा वाटा किती हे बरं वाटण्यावरून कळत नाही.

तुम्ही गोळीला कुबडी म्हणता. रक्तदाबाच्या गोळीला कुणी कुबडी म्हणत नाही. मला वाटतं या शब्दामागे लाज आहे, आणि ती लाज घेऊन ध्यानाला बसलात तर ध्यानसुद्धा स्वतःला सिद्ध करायची परीक्षा होऊन बसेल. गोळी मन शांत ठेवून शिकण्याइतकी उसंत देते. वर्ग त्या उसंतीत काहीतरी शिकवतो. दोन्ही एकत्र चालतात.

पुढे कधी डॉक्टर औषध उतरवायला तयार झाले, तर एक बारकावा त्यांच्याशी जरूर बोला. एस्सिटॅलोप्रॅमचा मेंदूवरचा परिणाम डोसच्या सरळ प्रमाणात नसतो. १० वरून ५ मिलिग्रॅमवर येताना परिणाम थोडाच घटतो, ५ वरून शून्यावर येताना बराच. म्हणून शेवटच्या पायऱ्या लहान आणि सावकाश लागतात. ‘अर्धी केली, काही झालं नाही, आता बंद’ इथेच बरेच जण अडतात. औषध थांबल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू झाली, तर ती बहुधा औषध सुटल्याची लक्षणं. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू रस उडणं, पहाटे जाग येणं, अपराधी वाटणं, हे आजार परतण्याचं लक्षण. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून तारखा लिहून ठेवा. आणि उतरवायला मुहूर्त निवडताना बँकेचं मार्च एंडिंग, घरातलं लग्न, मुलीची परीक्षा हे टाळा.

आता छातीतली धडधड. तुमच्या बाबतीत काय होतं ते बऱ्यापैकी ओळखता येतं. श्वासाकडे बघायला सांगितलं की बरेच जण नकळत श्वास घेऊ लागतात, म्हणजे मुद्दाम, खोल आणि भरभर. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यातूनच बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छाती आवळल्यासारखी. मग ‘हे काय होतंय’ म्हणून आणखी लक्ष छातीकडे, आणि धडधड वाढते. यात तुमची चूक नाही. श्वास हे लक्ष ठेवायचं एक ठिकाण आहे, एकमेव नाही, हे ॲपने सांगायला हवं होतं. ॲपला तुमचा चेहरा दिसत नाही, तोच तर फरक.

तेव्हा श्वास सध्या सोडून द्या. असं करा.

पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, दोन्ही तळवे जमिनीवर, चपला काढून. डोळे उघडे, नजर तीन-चार फुटांवर फरशीकडे. लक्ष तळपायांवर : टाच कुठे टेकते, फरशी गार आहे की कोमट, दाब कुठे जास्त. तेही नको वाटलं तर आवाज घ्या. मे महिन्यातल्या नागपुरात कूलरचा घर्रघर्र आवाज फुकट आणि अखंड उपलब्ध आहे. पंख्याचा वेगळा, पाण्याच्या पंपाचा वेगळा, जाळीवरून पाणी ठिबकतं तो वेगळा. मन गेलं की मनातल्या मनात एक शब्द : ‘विचार’, ‘काळजी’, ‘आठवण’. भावनेला नाव दिलं की अमिग्डालाची प्रतिक्रिया उतरते, असं २००७ च्या एका एमआरआय प्रयोगात दिसलं होतं. नाव एका शब्दाचंच ठेवा. त्याचं वाक्य झालं की तुम्ही पुन्हा मालिकेत शिरलात असं समजा.

वेळ कुठली? पहाटे उठून डबे करणाऱ्या बाईला ‘ब्राह्ममुहूर्तावर बसा’ सांगणाऱ्यांना डबा कधी भरावा लागला नसावा. बँकेतून आल्यावर, पर्स ठेवल्यानंतर आणि स्वयंपाकघरात शिरण्याआधी, ही पाच मिनिटं बहुतेकांना जमतात. दुसरी पाच मिनिटं मेट्रोत. उज्ज्वलनगरहून सीताबर्डीला जात असाल तर छत्रपती चौक ते अजनी चौक एवढं अंतर उभं राहून फक्त तळपाय आणि गाडीचे हेलकावे. अंथरुणात पडून करू नका, झोप लागते. जेवण झाल्या झाल्याही नको.

तिसऱ्या आठवड्यापासून चालण्याचा सराव जोडा. गच्चीवर किंवा गॅलरीत दहा-बारा पावलांची जागा, उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत. नेहमीपेक्षा हळू, पाय उचलला, पुढे नेला, टेकला, वळलं, परत. दहा मिनिटं. नैराश्याकडे कल असलेल्यांना बसण्यापेक्षा हे बरेचदा सोपं जातं, कारण शरीर हलत असतं आणि विचारांना बैठक मिळत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात शरीराचा फेरफटका, पंधरा-वीस मिनिटं. पायाच्या अंगठ्यापासून वर येत प्रत्येक भागाकडे लक्ष. छाती आणि गळा पहिल्या काही वेळा वगळा : मांडी, पोट, मग थेट हात. धडधड सुरू झाली तर पुन्हा तळपायांकडे या. तरी वाढली तर थांबा, डोळे वर करून खोलीतल्या पाच निळ्या किंवा पाच चौकोनी वस्तू शोधा, थंड पाण्याने हात धुवा. थांबणं हा सरावाचाच भाग आहे, त्यात हरणं नाही.

आणि मग तीन मिनिटांचा विराम, जो एमबीसीटीत सगळ्यांत जास्त वापरला जातो. पहिलं मिनिट : आत्ता काय चाललंय, विचार कोणता, भावना कोणती, शरीरात कुठे. दुसरं मिनिट : लक्ष एका जागी, तुमच्यासाठी तळपाय. तिसरं मिनिट : लक्ष पसरून सगळं शरीर, मग खोली, मग समोरचं काम. काउंटरवर कुणी अंगावर ओरडून गेल्यावर हा वापरायचा. पण आधी शांत असताना पन्नासेक वेळा केलेला असेल तरच तो तेव्हा आठवतो.

रोज ‘किती दिवस सलग झाले’ मोजणारी ॲपं बंद ठेवा. एक दिवस चुकला की नैराश्याकडे झुकलेलं मन त्याचाही पुरावा करून ठेवतं.

भासऱ्यांच्या आग्रहाबद्दल. दीक्षाभूमीच्या या शहरात ध्यानाची परंपरा घराघरांत आहे, आणि माहुरझरीला विपश्यना केंद्रही आहे. अनेकांना त्याचा लाभ झाला असेल, भासऱ्यांनाही झाला. पण ते शिबिर म्हणजे उपचार नव्हे, आणि स्वतः शिबिरवालेही तसा दावा करत नाहीत. पहाटे चारला उठणं, रोज सुमारे दहा तासांची साधना, मौन, फोन जमा, वाचन-लेखन बंद. पाच मिनिटांत ज्यांना धडधड होते त्यांनी एकदम दहा तासांवर उडी का घ्यावी? ध्यानाच्या दुष्परिणामांचा २०२० मध्ये एक आढावा झाला. त्यात सुमारे ८ टक्के लोकांना त्रास झाल्याचं आढळलं, आणि सर्वांत जास्त आढळलेले त्रास म्हणजे चिंता आणि नैराश्य. झोप तुटणं हेही तुमच्यासाठी छोटं कारण नाही. त्यातून घराण्यात कुणाला बायपोलर किंवा सायकोसिसचा आजार असेल, किंवा तुम्हाला स्वतःला कधी दोन-तीन तासांच्या झोपेवर उत्साह ओसंडून वाहण्याचे दिवस आले असतील, तर मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय लांबच्या शिबिराचा विचारही करू नका.

शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि औषधांबद्दल विचारतात. प्रवेश मिळावा म्हणून तिथे खोटं लिहिणं किंवा आधी आठवडाभर गोळी बंद करणं, या दोन्ही गोष्टी खरोखर धोक्याच्या आहेत. घरात वाद नको असेल तर एवढं म्हणा, “दादा, डॉक्टरांनी मला सध्या लहान बैठकाच सांगितल्या आहेत. मोठ्या शिबिराचं वर्ष-दोन वर्षांनी त्यांनाच विचारून बघू.” डॉक्टरांचं नाव पुढे करायला संकोच नको, ते त्यासाठीच असतात.

वर्ग निवडताना शिकवणाऱ्याला थेट विचारा : तुम्ही नैराश्याच्या रुग्णांसोबत काम करता का? वर्गाआधी प्रत्येकाशी एकट्याने बोलता का? कुणाला मध्येच त्रास झाला तर काय करता? माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? पहिल्याच प्रश्नाला ‘ध्यानाने सगळं बरं होतं’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणीकृत असतात, नोंदणी क्रमांक मागायला हरकत नाही. नागपुरात आठ आठवड्यांचा गट जमत नसेल तर तुमच्या समुपदेशकांकडूनच त्याच क्रमाने एकट्याने शिकता येतं. खासगी खर्च परवडत नसलेल्या वाचकांसाठी मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे मनोविकार विभाग आहेत.

आता राहिलेली तयारी. तब्येत चांगली असतानाच एक कागद करा. डावीकडे तुमच्या मागच्या तीन आजारपणांची अगदी पहिली चिन्हं, तुमची स्वतःची : पहाटे साडेतीनला जाग, आईचा फोन न उचलणं, भाजी निवडायचा कंटाळा, जे असेल ते. यजमानांनाही विचारा, कित्येकदा ते आपल्या आधी घरच्यांना दिसतं. उजवीकडे काय करायचं : यातली तीन चिन्हं दहा दिवस टिकली तर डॉक्टरांची वेळ घ्यायची, तीन मिनिटांचा विराम दिवसातून तीनदा, रोज वीस मिनिटं चालणं, आणि उशिरा झोपायचं नाही. लांब बैठका मात्र त्या दिवसांत कमी करा, वाढवू नका. आजार अंगात आला असताना तासभर डोळे मिटून बसलं की तीच मालिका तासभर चालते. मरणाचे विचार आले तर ध्यान बाजूला ठेवून लगेच माणसाशी बोला. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. कागद फ्रिजवर लावायला नको वाटत असेल तर कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, पण यजमानांना जागा माहीत हवी.

आणि लेकीचं. ब्रिटनमध्ये ११ ते १३ वयाच्या आठ हजारांहून अधिक मुलांना शाळेत सजगतेचे धडे देऊन पाहिले; २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या शिकवणीपेक्षा मानसिक आरोग्यात काही सुधारणा झाली नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. तेव्हा सोबत बसवण्याचा आग्रह नको. तिला आपणहून वाटलं तर एखादे दिवशी संत्र्याची एक फोड दोघींनी मिळून सावकाश खाऊन बघा : आधी हातात घेऊन साल काढलेल्या फोडीच्या शिरा, मग वास, मग जिभेवर ठेवून न चावता काही क्षण, मग पहिला रस. एमबीसीटीच्या पहिल्या वर्गात हेच मनुक्याने करतात. तिला हसू आलं आणि ती उठून गेली, तर जाऊ द्या. या वयात तिची झोप, मैदान आणि रात्री तिचा मोबाइल तुमच्या खोलीत असणं, याकडे लक्ष दिलंत तरी पुष्कळ आहे.